विद्यापीठात किती पोरं येतात आणि किती डिग्री घेऊन निघतात : खान्देशातले नेहमीचे प्रश्न

बारावीचा निकाल लागला की फोन सुरू होतात. सर, त्या कॉलेजचा रिझल्ट ९० टक्के आहे म्हणे, खरंय का? विद्यापीठात पोरं कमी झाली म्हणे, खरंय का? मी तालुक्याच्या कॉलेजात शिकवतो आणि दरवर्षी सरकारी पोर्टलवर हे विद्यार्थीसंख्येचे फॉर्म भरायचं काम माझ्याच गळ्यात असतं, त्यामुळे आकडे कुठून येतात आणि कुठे गळतात ते जवळून बघितलंय. तेच तेच प्रश्न येतात म्हणून एकदाच लिहून टाकतो.

हे सगळं नेमकं कोणत्या विद्यापीठाबद्दल चाललंय?

आपल्या उमविबद्दल, म्हणजे जळगावचं कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ. १५ ऑगस्ट १९९० ला सुरू झालं, त्याआधी खान्देशातली कॉलेजं पुणे विद्यापीठाला जोडलेली होती, त्यामुळे जुन्या लोकांच्या डिग्रीवर पुण्याचं नाव दिसतं. बहिणाबाईंचं नाव २०१८ ला लागलं. ज्या बाईला लिहिता-वाचता येत नव्हतं तिचं नाव दरवर्षी हजारो पोरांच्या मार्कशीटवर छापलं जातं, मला हे फार आवडतं, असो. कार्यक्षेत्र म्हणजे जळगाव, धुळे, नंदुरबार. आता इथे पहिला घोळ बघा, नंदुरबार जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला, त्याआधी तो धुळ्यातच होता. म्हणून नव्वदच्या दशकातला धुळे जिल्ह्याचा आकडा आणि आजचा धुळे जिल्ह्याचा आकडा शेजारी ठेवून "धुळ्यात पोरं घटली" असं कोणी म्हणत असेल तर त्याला आधी नकाशा दाखवा.

म्हणजे खान्देशात कॉलेजला जाणारी सगळी पोरं या एकाच विद्यापीठाच्या आकड्यात येतात?

नाही ना भाऊ. इथेच निम्मे वाद होतात. एमबीबीएस, बीएएमएस, नर्सिंगवाली पोरं नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या खात्यात. धुळ्याचं कृषी महाविद्यालय राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या खात्यात. पॉलिटेक्निकवाले तंत्रशिक्षण मंडळाकडे. नोकरी करून मुक्त विद्यापीठातून बीए करणारे नाशिकच्या यशवंतराव चव्हाण विद्यापीठात. शिरपूरला एनएमआयएमएसचा कॅम्पस आहे तो तर अभिमत विद्यापीठाचा, म्हणजे स्वतःची डिग्री स्वतः देणाऱ्या संस्थेचा. आणि इंजिनीअरिंगची कितीतरी कॉलेजं मधल्या काळात लोणेऱ्याच्या बाटूला (डॉ. बाबासाहेब आंबेडकर टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटीला) जोडली गेली, ती पोरं बसतात बांभोरीला नाहीतर शिरपूरला, येतात खान्देशच्याच एसटीने, पण कागदावर रायगड जिल्ह्यातल्या विद्यापीठाची.

त्यामुळे विद्यापीठाची एनरोलमेंट कमी झाली म्हणजे खान्देशात शिकणारे कमी झाले असं लगेच म्हणता येत नाही. कधी पोरं खरंच कमी झालेली असतात, कधी फक्त कॉलेजची पाटी बदललेली असते. स्वायत्त कॉलेजांचं मात्र उलट आहे, जळगावचं मूळजी जेठा कॉलेज स्वायत्त आहे, पेपर स्वतः काढतं, निकाल स्वतः लावतं, पण डिग्री विद्यापीठाची, म्हणून ती पोरं विद्यापीठाच्याच हिशोबात.

एनरोलमेंट म्हणजे ॲडमिशनच ना?

ऐकायला एकच वाटतं. पण कॉलेजच्या ऑफिसात बसलात तर कळेल की एकाच वर्गाचे चार आकडे फिरत असतात. पहिला ॲडमिशनचा, म्हणजे फी भरली आणि जनरल रजिस्टरला नाव चढलं. दुसरा विद्यापीठाकडे पात्रता होऊन पीआरएन, म्हणजे कायमचा नोंदणी नंबर मिळाला त्यांचा, यात दुसऱ्या बोर्डातून आलेली, मायग्रेशन न दिलेली, टीसी अडकलेली पोरं मागे राहतात. तिसरा परीक्षा फॉर्म भरलेल्यांचा. चौथा खरोखर पेपरला बसलेल्यांचा. हे चारही आकडे "आमच्याकडे एवढी पोरं आहेत" या एकाच वाक्यात वापरता येतात आणि वापरले जातात. जाहिरातीच्या फ्लेक्सवर कोणता छापत असतील ते सांगायची गरज नाही.

सरकारला यातला कोणता जातो?

आयशे नावाचा देशभरचा सर्व्हे आहे, ऑल इंडिया सर्व्हे ऑन हायर एज्युकेशन, २०१०-११ पासून दरवर्षी होतो. विद्यापीठ एक फॉर्म भरतं, कॉलेज दुसरा भरतं, प्रत्येक कॉलेजचा स्वतःचा आयशे कोड असतो. पूर्वापार ३० सप्टेंबर ही संदर्भ तारीख, म्हणजे त्या दिवशी पटावर कोण होतं ते सांगायचं. कोर्सनिहाय, वर्षनिहाय, मुलं-मुली वेगळे, त्यात परत ओपन, ईडब्ल्यूएस, एससी, एसटी, ओबीसी, त्यात परत दिव्यांग आणि अल्पसंख्याक. आपल्याकडच्या व्हीजे-एनटी (भटके-विमुक्त) आणि एसबीसीला (विशेष मागास प्रवर्गाला) तिथे वेगळा कॉलमच नाही, बहुतेक कॉलेजं त्यांना ओबीसीत टाकतात, त्यामुळे कॉलेजच्या रजिस्टरवरचा ओबीसी आणि दिल्लीच्या रिपोर्टमधला ओबीसी जुळत नाही आणि दरवर्षी कोणीतरी नवीन माणूस हे शोधून काढून घोटाळा सापडल्यासारखा ओरडतो.

याच फॉर्ममध्ये शेवटी आउट-टर्न असतो, म्हणजे शेवटच्या वर्षाची परीक्षा पास होऊन किती बाहेर पडले. देशपातळीवर २०२१-२२ ला एकूण विद्यार्थी ४.३३ कोटी आणि पास होऊन निघालेले १.०७ कोटी असे आकडे आले होते. आता कोणी म्हणेल चारातला एकच पास होतो का, तर नाही, ते ४.३३ कोटी म्हणजे सगळ्या वर्षांची पोरं मिळून, फर्स्ट इयरवाले पण त्यात आले, त्यांनी यावर्षी कसं पास होऊन निघायचं? हे भागाकार करायचे नाहीत, पण व्हॉट्सॲपवर हेच भागाकार फिरतात.

जीईआर जीईआर म्हणतात ते काय आहे?

ग्रॉस एनरोलमेंट रेशो. उच्च शिक्षणात असलेले एकूण विद्यार्थी भागिले १८ ते २३ वयाची एकूण लोकसंख्या. २०२१-२२ ला भारताचा २८.४, महाराष्ट्राचा ३५.३. नव्या शैक्षणिक धोरणात २०३५ पर्यंत ५० करायचा म्हटलंय.

जिल्ह्याच्या पातळीवर मात्र हा आकडा जपून वाचा. विद्यार्थी मोजतात तो कॉलेज जिथे आहे तिथे, आईबाप जिथे राहतात तिथे नाही. चाळीसगावचा पोरगा पुण्यात इंजिनीअरिंगला गेला की तो पुण्याचा जीईआर वाढवतो, पण लोकसंख्येत त्याचं घर जळगाव जिल्ह्यात धरलेलं असू शकतं. म्हणजे आपण पोरं पाठवायची आणि आकडा त्यांचा चढायचा. शिवाय खालची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेवरून अंदाजाने पुढे ढकललेली आहे कारण त्यानंतर जनगणना झालेली नाही. राज्याराज्याची तुलना ठीक, दोन तालुक्यांची करायला जाऊ नका.

एखादं कॉलेज म्हणतं आमचा निकाल ८७ टक्के. म्हणजे १०० पैकी ८७ पोरं ग्रॅज्युएट झाली ना?

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे, म्हणून जरा थांबून सांगतो. गावाकडे आमचे एक आप्पा दरवर्षी विचारतात, "कितला पोरे पास व्हयनात रे भो?" मी त्यांना दरवेळी उलट विचारतो, कोणापैकी ते सांगा आधी.

एक काल्पनिक वर्ग घ्या. एफवायबीएला १२० ॲडमिशन. पहिल्या सेमिस्टरच्या पेपरला बसली ९६. एसवायला पोचली ७८. टीवायला ६६. शेवटच्या सेमिस्टरला बसली ६२ आणि पास झाली ५४. कॉलेज निकाल लावताना ५४ भागिले ६२ करणार, ८७ टक्के, फ्लेक्स तयार. यात खोटं काही नाही, निकाल म्हणजे बसलेल्यांपैकी पास झालेले, नियमच तो आहे.

पण तुमचा पोरगा ॲडमिशन घेताना ६२ मध्ये नसतो, तो १२० मध्ये असतो. मग ५४ भागिले १२० करा, ४५ टक्के. अजून संपलं नाही. त्या ५४ मध्ये ६ पोरं मागच्या बॅचची होती, ज्यांचे विषय राहिले होते आणि यावेळी निघाले. या बॅचची म्हणायची तर ४८. म्हणजे ४८ भागिले १२०, ४० टक्के पोरांनी तीन वर्षांत डिग्री घेतली. तोच वर्ग, तीच पोरं, आकडे ८७, ४५ आणि ४०, आणि तिन्ही बरोबर. भांडण आकड्याचं नाहीच, खाली काय ठेवून भागलंय त्याचं आहे.

आता दुसरी बाजू पण ऐका, नाहीतर वाटेल मी कॉलेजांवर उखडलोय. या ४० टक्क्यांमध्ये कॉलेज बदलून दुसरीकडे पास झालेली पोरं मोजली जात नाहीत, चौथ्या-पाचव्या वर्षी केटी, म्हणजे राहिलेले विषय काढून पास होणारी पण नाहीत. म्हणजे ४० हा आकडा जरा कडकच आहे. म्हणूनच मुदतीत किती आणि दीडपट मुदतीत किती असे दोन्ही आकडे हवेत.

दीडपट मुदत ही काय भानगड?

अमेरिकेत असं मोजतात. तिथे १९९० ला कायदा झाला की सरकारी मदत घेणाऱ्या कॉलेजांनी किती पोरं डिग्री पूर्ण करतात ते सांगायलाच पाहिजे, आणि मोजायचं असं की एका वर्षी पहिल्यांदा आणि फुलटाइम दाखल झालेली सगळी पोरं एक बॅच धरायची आणि नेहमीच्या मुदतीच्या दीडपट वेळेत किती पास झाली ते बघायचं, चार वर्षांच्या डिग्रीला सहा वर्षं. तीन वर्षांच्या बीएला तसा हिशोब लावला तर साडेचार वर्षं होतात. त्यांच्या पद्धतीत पण भोकं आहेत, बदली होऊन गेलेली पोरं त्यांनाही नीट धरता येत नाहीत, पण निदान खाली पहिल्या वर्षाचा आकडा ठेवायची सक्ती आहे.

एफवाय ते टीवायच्या मध्ये गळालेली पोरं जातात तरी कुठे?

सगळी "शिक्षण सोडलं" या एका खणात टाकतात तसं नाहीये. रजिस्टर हातात घेऊन नावं वाचली की वेगवेगळ्या गोष्टी निघतात. काही पोरं तर कधी आलेलीच नसतात, एसटीचा पास, शिष्यवृत्ती, हॉस्टेल किंवा नुसतं "कॉलेजला आहे" म्हणायला नाव असतं आणि खरं चाललेलं असतं पोलीस भरतीचं ग्राउंड. सकाळी पाचला ग्राउंडवर धावणारा पोरगा अकराला वर्गात येत नाही, आणि भरती झाला तर त्याच्यासाठी ते यशच आहे, पण आमच्या आकड्यात तो गळती. काही सुरतला जातात, भुसावळ-सुरत लाइनवरच्या गावांना सुरत जवळ पडतं, तिथे कामाला लागलं की परीक्षेला येतो म्हणतात, एखाद्या सेमिस्टरला येतातही, मग फॉर्म भरायची तारीख निघून जाते. लेट फी, मग सुपर लेट फी, मग "पुढच्या वर्षी बघू". माझ्या मते खान्देशात जेवढी पोरं पेपर अवघड म्हणून सुटत नाहीत तेवढी फॉर्मच्या तारखेला सुटतात. हे माझं मत आहे, आकडा मागू नका.

कापूस वेचणीच्या दिवसांत हजेरी पडते हे तर प्रत्येक प्राध्यापकाला माहीत आहे, दिवाळीच्या आगेमागे वर्ग अर्धा दिसतो आणि नेमकी हिवाळी परीक्षा जवळ आलेली असते.

बीएस्सीला पहिल्या वर्षीच एवढी गळती का दिसते?

कारण बीएस्सी हा कितीतरी घरांचा दुसरा पर्याय असतो. सीईटी दिलेली असते, फार्मसी, इंजिनीअरिंग, नर्सिंगचे कॅप राउंड (सरकारी प्रवेश फेऱ्या) लांबतात, वर्ष वाया जाऊ नये म्हणून बीएस्सीला फी भरून ठेवतात. राउंडमध्ये नंबर लागला की टीसी घेऊन जातात. आता तो राउंड संदर्भ तारखेच्या आधी संपला तर आमच्या एफवायचा आकडा लहान दिसतो आणि गळती कमी, नंतर संपला तर आकडा फुगलेला आणि गळती जास्त. म्हणजे आमच्या कॉलेजची गळती मुंबईतल्या सीईटी सेलच्या वेळापत्रकावर ठरते, आहे ना गंमत. ही पोरं शिक्षण सोडत नाहीत, लाइन बदलतात, पण बॅच पद्धतीने मोजलं की ती गेलेलीच.

नंदुरबारचे आकडे वेगळे का वाचायचे?

२०११ च्या जनगणनेत नंदुरबार जिल्ह्यात साधारण ६९ टक्के लोक अनुसूचित जमातीचे आणि साक्षरता ६४ टक्क्यांच्या आसपास, राज्यात सगळ्यात खालच्यात. जळगाव तेव्हा ७८ च्या पुढे होतं. आता अक्कलकुवा, धडगाव भागातून जो पोरगा नाहीतर पोरगी बीएला येते ती बहुतेकदा घरातली पहिलीच. आश्रमशाळेत राहून बारावी झालेली, आणि कॉलेजला आल्यावर पहिला प्रश्न अभ्यासाचा नसतो, राहायचं कुठे हा असतो. आदिवासी विभागाच्या हॉस्टेलला नंबर लागला तर ठीक, नाही लागला तर त्याऐवजी मिळणारे स्वयं योजनेचे पैसे खात्यात येईपर्यंत खोलीचं भाडं कोण भरणार. घरचे ऊसतोडीला निघतात तेव्हा धाकटी भावंडं कोणाकडे ठेवायची हा पण प्रश्न तिच्याच गळ्यात.

म्हणून धडगावच्या कॉलेजचा ४० टक्के आणि जळगाव शहरातल्या कॉलेजचा ४० टक्के हे सारखे नाहीत. तुलना करायचीच तर त्याच कॉलेजची पाच वर्षांपूर्वीशी करा.

मुलींचं काय? पेपरात तर दरवर्षी "मुलींची बाजी" असतं.

निकालात असतं, बरोबर आहे. बसलेल्यांमध्ये मुली पास जास्त होतात हे वर्षानुवर्षं दिसतं. पण परत तेच, बसल्या किती? एसवाय आणि टीवायच्या मध्ये लग्नाचा सीझन येतो. काही ताया लग्नानंतर पण परीक्षा देतात, सासर दोंडाईच्याचं आणि सेंटर पारोळ्याचं, पोरीचं लेकरू मांडीवर घेऊन तिची आई बाहेर बसलेली आणि आत पोरीचा पेपर चाललेला, हे दृश्य आमच्याकडे नवं नाही. त्यांच्यासाठी सेंटर बदलून मिळणं ही फी माफीएवढीच मोठी सोय ठरते.

फी माफीचं विचाराल तर जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारने ईडब्ल्यूएस, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास वर्ग) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक कोर्सची शिक्षण फी आणि परीक्षा फी १०० टक्के माफ केली, कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत पाहिजे. ही व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे, साध्या बीएला लागू होते असं समजून येणारे पालक खूप असतात, म्हणून सांगितलं.

२०२० आणि २०२१ चे निकाल एवढे जबरदस्त कसे?

करोना. सुप्रीम कोर्टाने २८ ऑगस्ट २०२० ला सांगितलं की शेवटच्या वर्षाची परीक्षा घेतल्याशिवाय डिग्री देता येणार नाही, मग घाईघाईत ऑनलाइन एमसीक्यू पेपर झाले, पोरं घरून मोबाइलवर, सातपुड्यात तर रेंजसाठी टेकडीवर चढून. निकाल सगळीकडेच चढले. ती दोन वर्षं आलेखातून बाजूला काढून बघा, नाहीतर २०२२ ला गुणवत्ता कोसळली असा शोध लागेल.

एटीकेटीवाला पोरगा पास की नापास?

एटीकेटी म्हणजे काही विषय राहूनही पुढच्या वर्गात गेलेला. पुढच्या वर्गात आहे म्हणून एनरोलमेंटमध्ये तो आहे. निकालाच्या तक्त्यात त्याचा कॉलम वेगळा. काही कॉलेजं पास आणि एटीकेटी बेरीज करून टक्का सांगतात, एफवायच्या निकालात तर हमखास. शेवटच्या वर्षाला मात्र हे चालत नाही, एक विषय राहिला तरी डिग्री नाही. आणि हे पण लक्षात ठेवा की पहिल्या दिवशीचा निकाल हा शेवटचा नसतो, राखीव ठेवलेले निकाल सुटतात, फोटोकॉपी मागवून रिव्हॅलला टाकलेले बदलतात, त्यामुळे जूनमधला टक्का आणि सप्टेंबरमधला टक्का वेगळा आला तर कोणी लबाडी केली असं नाही.

पदवीदानाला एवढ्या हजार डिग्र्या दिल्या अशी बातमी येते, तोच ग्रॅज्युएट झालेल्यांचा आकडा धरू का?

नका धरू. पदवी प्रमाणपत्रासाठी अर्ज करावा लागतो, फी भरावी लागते. पास होऊन अर्ज न केलेली पोरं त्यात नसतात आणि जुन्या वर्षांची, आता नोकरीत कागद मागितला म्हणून अर्ज केलेली माणसं असतात.

एनआयआरएफ, नॅक यात काही सापडतं का?

एनआयआरएफमध्ये सापडतं, आणि लोक तिकडे बघतच नाहीत, फक्त रँक बघतात. केंद्र सरकारची ही कॉलेज-विद्यापीठांची क्रमवारी २०१६ पासून निघते. भाग घेणाऱ्या प्रत्येक संस्थेने भरलेली माहिती त्यांच्या साइटवर पीडीएफमध्ये असते. त्यात एक तक्ता असतो, पहिल्या वर्षाची मंजूर क्षमता किती, दाखल किती झाले, त्यापैकी ठरलेल्या मुदतीत किती पास झाले, नोकरी किती जणांना, पगाराचा मध्यक किती, पुढच्या शिक्षणाला किती गेले. वर जे ४८ भागिले १२० केलं ना, ते इथे तुम्हाला स्वतः करता येतं. माझ्या मते सामान्य माणसाला फुकट मिळणारा हा सगळ्यात कामाचा तक्ता आहे.

दोन गोष्टी सांभाळा. एक, ही माहिती संस्थेनेच भरलेली असते. दोन, विद्यापीठाच्या नावाने जो तक्ता असतो तो कॅम्पसवरच्या प्रशाळांचा असतो, संलग्न कॉलेजांचा नाही. जळगावच्या कॅम्पसवर एमएस्सी करणारी निवडून घेतलेली मुलं आणि तालुक्याच्या बीएचा वर्ग, यांची गळती एक असूच शकत नाही. तो तक्ता बघून "आपल्या विद्यापीठात तर जवळपास सगळेच पास होतात" असं म्हणू नका.

कॉलेजांना ग्रेड देणाऱ्या नॅकच्या अहवालात पण मंजूर जागांच्या किती टक्के भरल्या, शेवटच्या वर्षाचा निकाल किती, पुढे शिकायला किती गेले हे असतं. पण तिथला निकाल बसलेल्यांवरचाच. कॉलेजच्या साइटवर एसएसआर आणि एक्यूएआर नावाच्या फाइल्स (कॉलेजने नॅकला दिलेले अहवाल) शोधा, सापडल्या तर नशीब, काहींच्या लिंक उघडतच नाहीत.

नवीन शैक्षणिक धोरणानंतर हे सगळं बदलणार का?

बदलणार, आणि मोजणं अजून किचकट होणार. संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून नवीन पॅटर्न आला. आता एक वर्ष करून निघालं तर सर्टिफिकेट, दोन वर्षांनी डिप्लोमा, तीन वर्षांनी डिग्री, चार वर्षांनी ऑनर्स. पहिल्या वर्षाचे ४० ते ४४ क्रेडिट, तीन वर्षांचे १२० ते १३२, चार वर्षांचे १६० ते १७६. मध्येच निघायचं तर वरून ४ क्रेडिटचा व्यावसायिक कोर्स नाहीतर इंटर्नशिप करावी लागते, मग तीन वर्षांच्या आत परत येऊन एकूण सात वर्षांत डिग्री पूर्ण करता येते. क्रेडिट ॲकॅडमिक बँकेत जमा राहतात.

कागदावर हे खान्देशातल्या पोरांसाठी फार चांगलं आहे, सुरतला गेलेला परत येऊ शकतो. पण एफवाय करून निघून गेलेला आणि सर्टिफिकेट घेतलेला यात फरक आहे. पहिला गळती, दुसरा एक्झिट. उद्या एखाद्या कॉलेजने गेलेली सगळी पोरं एक्झिटच्या कॉलममध्ये दाखवली तर गळती एका रात्रीत शून्य. म्हणून विचारताना असं विचारायचं की एक्झिटचं सर्टिफिकेट खरंच किती जणांना दिलं. आणि ऑनर्ससाठी चौथ्या वर्षाला थांबलेली पोरं "मुदतीत पास झाली नाहीत" असं कोणी धरत नाही ना ते पण बघावं लागेल.

ॲडमिशनच्या वेळी कॉलेजला मी काय विचारू?

फार नाही. तीन वर्षांपूर्वी या कोर्सच्या एफवायला किती होते, त्यातली किती पोरं यावर्षी टीवाय पास झाली. एवढं विचारा आणि गप्प बसा. जो क्लार्क किंवा सर रजिस्टर काढून सांगतो ते कॉलेज बरं समजा, आकडा कमी असला तरी. दुसरा प्रश्न, हजेरीसाठी आणि परीक्षा फॉर्मसाठी पोरांना फोन करता का. काही कॉलेजांत वर्गशिक्षकाला पालक म्हणून वीस-पंचवीस पोरं वाटून दिलेली असतात आणि फॉर्मच्या शेवटच्या आठवड्यात तो घरी फोन लावतो, तिथे फरक दिसतो. इमारत, लॅब, वायफाय नंतर बघा.

आकडे कोणी सांगतच नसेल तर?

माहिती अधिकार, २००५ चा कायदा. अनुदानित कॉलेज असो की विद्यापीठ, जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावाने साधा अर्ज, १० रुपये फी, ३० दिवसांत उत्तर, नाही आलं तर पहिलं अपील. फक्त प्रश्न नीट लिहा. "आपल्या महाविद्यालयाची गळती किती?" असं लिहिलंत तर "निरंक" असं उत्तर येईल, कारण गळती नावाचं रजिस्टर कोणाकडेच नसतं. जे रजिस्टरला आहे तेच मागायचं, म्हणजे असं:

"शैक्षणिक वर्ष २०२१-२२ मध्ये बी. ए. प्रथम वर्षास प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यांची संख्या, त्यापैकी परीक्षा अर्ज भरलेल्यांची सत्रनिहाय संख्या, त्यापैकी शाळा सोडल्याचा दाखला नेलेल्यांची संख्या, आणि त्यापैकीच उन्हाळी परीक्षा २०२४ अखेर तृतीय वर्ष उत्तीर्ण झालेल्यांची संख्या, मुले व मुली स्वतंत्र, द्यावी."

"त्यापैकी" आणि "त्यापैकीच" हे शब्द गाळू नका, ते गाळले की मागच्या बॅचची पोरं मिसळून आकडा येतो. नावं मागू नका, वैयक्तिक माहिती म्हणून अर्ज फेटाळायला निमित्त मिळतं. आणि परीक्षेच्या काळात टाकू नका, ऑफिसातल्या माणसाला तेव्हा पाणी प्यायला पण वेळ नसतो, जुलैच्या मध्यावर टाका.